सायलेन्सर परत मिळाला, आतली जाळी गेली

जुना सायलेन्सर डिकीत ठेवून मिळाला म्हणजे आपलं सगळं आपल्याला परत मिळालं, असं समजू नका. मला तो पेपरात गुंडाळून, सुतळीनं बांधून मिळाला होता. जे चोरीला गेलं त्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा, म्हणजे धूर साफ करणाऱ्या भागाचा, डबा गाडीखाली जागच्या जागी होता, आतला माल तेवढा नव्हता.

गाडी २०१८ची, बीएस-४ पेट्रोल हॅचबॅक, वॉरंटी कधीच संपलेली. मागचा सायलेन्सर शिवणीत गंजून फुटला. आमच्या कोल्हापूरकडच्या पावसात, त्यातही गगनबावड्याच्या बाजूला कायम जा-ये असली की हे व्हायचंच. कंपनीचाच घालण्यापेक्षा बाहेरचा, जरा मोकळा, जरा भरीव आवाजाचा घालूया असं घरात ठरलं. घरात म्हणजे मी आणि माझा इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या. तो म्हणाला, "काका, फ्लँजचे नट आणि रबरी हँगर, एवढंच तर काम. गॅरेज कशाला? गावाकडं अंगणात करू." बरोबर होतं त्याचं. पण फ्लँजचे, म्हणजे पाइपाच्या जोडावरचे, नट गंजून स्टडशी (ज्या खिळ्यावर नट बसतो त्याच्याशी) एकजीव झाले होते. रस्ट स्प्रे मारून रात्रभर ठेवला तरी पाना हलेना. जोर केला तर स्टड तुटणार, आणि तुटलेला स्टड काढायला ड्रिल नाहीतर वेल्डिंग लागणार. म्हणून गॅरेज.

हायवेच्या कडेचं, चकाचक फरशीचं, भिंतभर स्टिकर लावलेलं दुकान. मालक बोलायला एकदम गोड. "पावणं, ३०४ ग्रेडचं स्टेनलेस हाय, गाडी इकशीला तवर बघायला लागणार न्हाई. पिकअप तर असा वाढतोय, जोतिबाचा डोंगर वरच्या गिअरात चढंल." फिटिंगसकट साडेअठरा हजार. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी वर पडंल की, कशाला उगंच?" शेवटी साध्या कागदावर 'एसएस ३०४ सायलेन्सर, फिटिंगसह' असं लिहून, तारीख आणि सही घेतली. मग, "नटं लई गंजल्यात, येळ लागतोय. तवर मिसळ खाऊन या." मिसळ झाली, वर सोळंकीचं आइस्क्रीमही झालं असतं इतका वेळ गेला, तेव्हा फोन आला की आता संध्याकाळीच या.

संध्याकाळी गाडी सुरू केली आणि खरंच फरक वाटला. आवाज वाढला की पिकअप वाढल्यासारखा वाटतो, हा कानाचा खेळ आहे. लहान, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात नुसता मागचा सायलेन्सर बदलून ताकद वाढते ती नावालाच. पण त्या दिवशीचा आवाज सायलेन्सरच्या मानानं जरा जास्तच मोकळा होता.

थोडे दिवस बरे गेले. मग सिग्नलला थांबलं की कच्च्या पेट्रोलसारखा, डोळ्यांना झोंबणारा वास यायला लागला. पाठोपाठ डॅशबोर्डवर 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा. स्कॅनर लावला तर कोड पी०४२०, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (थोडक्यात कॅट) नीट काम करत नाही. पीयूसीची मुदत आलीच होती. मशीनवर कार्बन मोनॉक्साइड दीड टक्क्याच्या वर, हायड्रोकार्बन चारशेच्या पुढं. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, मर्यादा आहे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. पीयूसीवाला पोरगा म्हणाला, "साहेब, कॅट गेलाय तुमचा." मला वाटलं, खराब झालाय असं म्हणतोय.

शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे शहरातल्या कारखान्यांच्या वसाहतीत, एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांच्याकडं गाडी नेली. उद्यमनगरातल्या माणसाचं एक असतं, तो आधी लोखंडाला हात लावतो आणि मग बोलतो. गाडी थंड होऊ दिली, रॅम्पवर घेतली, आणि हातोडीच्या लाकडी दांड्यानं इंजिनजवळचा कॅटचा डबा हळूच वाजवला. टण्ण. "ह्यात काय न्हाई. भरलेला डबा असा वाजत न्हाई." मग बॅटरी लावून दाखवलं: डब्याच्या वरच्या अंगाला, खालून सहज दिसणार नाही अशा जागी, गोल कापून पुन्हा वेल्ड केलेली शिवण. वर काळा हीट पेंट.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनातून धूर निघतो तो आधी या डब्यातून जातो. आत बारीक छिद्रांची सिरॅमिकची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा अगदी पातळ थर असतो. विषारी वायूंचं निरुपद्रवी वायूंत रूपांतर तिथं होतं. धातू सगळे मिळून काही ग्रॅमच, पण २०२१मध्ये ऱ्होडियम सोन्याच्या दहापटीहून महाग झालं होतं. माझे साडू हुपरीचे, चांदीच्या धंद्यातले. त्यांना हे सांगितल्यावर ते अजिबात चकित झाले नाहीत. "गुजरीतल्या, सराफ बाजारातल्या, गटारातली माती धुवून झारेकरी पोट भरतो, मग ही जाळी कोण सोडंल?" म्हणाले. स्क्रॅपवाले अशा जाळ्या गोळा करतातच, आणि आणून देणाऱ्याला 'कुठनं आणली' हे कुणी विचारत नाही.

आता यातली मेख. मागचा सायलेन्सर बदलायला कॅटला हात लावायचं काहीच कारण नसतं. तो पुढं इंजिनपाशी, हा मागं बंपरखाली. त्यांनी मुद्दाम पुढचा भाग उतरवला, कापला, पोकळ केला आणि परत बसवला. एवढ्यावर थांबले नाहीत. कॅटच्या मागं दुसरा ऑक्सिजन सेन्सर असतो, कॅट काम करतोय का हे तो ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळवतो. त्या सेन्सरच्या आणि पाइपच्या मध्ये बोटाच्या पेराएवढा पोकळ तुकडा घातलेला सापडला. सेन्सर धुराच्या झोतातून जरा बाहेर ओढला की ईसीयूला सगळं ठीक वाटतं आणि दिवा लागत नाही. माझ्या गाडीत ती युक्ती थोडेच दिवस चालली. पुरती चालली असती तर मला पीयूसीपर्यंत पत्ता लागला नसता.

नव्या सायलेन्सरचीही परीक्षा मिस्त्रींनी तिथंच केली. चुंबक लावला, घट्ट चिकटला. यात एक सांगायला हवं: चुंबक चिकटला म्हणजे माल बोगस असं नाही. कंपन्या सर्रास ४०९ ग्रेडचं स्टेनलेस वापरतात, त्याला चुंबक चिकटतो आणि ते काम उत्तम देतं. पण ३०४ म्हणून पैसे घेतलेल्या पाइपाला तो असा चिकटायला नको. कोपऱ्यावर ग्राइंडर टेकवला तर पिवळ्या-पांढऱ्या लांब ठिणग्यांचा फवारा उडाला. साधं लोखंड, वर पॉलिश. ३०४च्या ठिणग्या आखूड, लालसर आणि कमी असतात. ओतकामावर आणि लेथवर उभ्या राहिलेल्या या गावात लोखंड स्टेनलेस म्हणून खपवायची छाती होते, याचंच मला जास्त नवल वाटलं.

पुतण्या, मी आणि मिस्त्रींचा एक माणूस गॅरेजवर गेलो. मालकाचा आवाज बदलला नाही. "जुनी गाडी हाय. जाळी फुटून मागं गेली आसंल. आमी हात बी लावला न्हाई." उत्तर तसं पटण्याजोगं आहे, जाळ्या फुटतात खऱ्या. पण फुटलेली जाळी मागं गेली तर ती सायलेन्सरात अडकते, आणि जुना सायलेन्सर माझ्या डिकीत होता. पुतण्यानं तो उभा करून हलवला, तिथंच कापूनही दाखवला. आत गंज निघाला, सिरॅमिकचा खडासुद्धा नाही. मग सेन्सरखालचा तुकडा पुढं ठेवला. मग आदल्या वर्षीचा पीयूसीचा कागद, त्यावर कार्बन मोनॉक्साइड ०.०४. त्यावर मालक हसला. "पीयूसीचं काय सांगताय, कुठंबी मिळतंय ती."

आणि मग त्यानं आपलं खरं पान टाकलं. "पोलिसात जावा की. गाडीला बाहेरचा सायलेन्सर कुणाच्या नावावर हाय ते सांगा तितं."

हा धंदा या वाक्यावर चालतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नं गाडीत कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करायला बंधन आहे. आवाजाची आणि धुराची मर्यादा मोडली तर कलम १९०(२)खाली पहिल्या वेळेलाच दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्सला मुकावं लागतं. म्हणजे तक्रारदारच आरोपीच्या रांगेत. आवाजाच्या हौसेनं येणारं गिऱ्हाईक तोंड उघडणार नाही, हा हिशोब करूनच त्याची गाडी आत घेतली जाते. इन्शुरन्सवाल्यांना न कळवलेला बदल असेल तर तिथंही हात बांधलेले.

मी ग्राहक आयोगाचं नाव काढलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि '३०४' लिहिलेला सहीचा कागद माझ्याकडं होता. लोखंडाचं स्टेनलेस करून विकलं, एवढी एक गोष्ट कागदावर उघडी पडत होती. सायलेन्सरचे पैसे त्यानं मोजून परत दिले. जाळीबद्दल मात्र शेवटपर्यंत 'आमी न्हाई'. नव्या कॅटला सर्व्हिस सेंटरनं सांगितलेला आकडा पन्नास हजारांच्या पुढचा होता आणि तो माझ्या खिशातून गेला.

तर घरी करावं की गॅरेजात, याबद्दल माझं मत. नट सुटत असतील आणि मागचाच भाग बदलायचा असेल तर घरी करा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, दोन्ही बाजूंना स्टँड लावा. सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्या. गॅस्केट जुनं वापरू नका, कारण सांध्यातून गळणारा कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरतो आणि त्याला वास नसतो. कापाकापी, वेल्डिंग आलं तर गॅरेजला पर्याय नाही, पण मग गाडी ठेवून घरी जायचं नाही. आधी खालून कॅटचे, त्याच्या शिवणींचे आणि दोन्ही सेन्सरचे फोटो काढा, मालकाच्या देखत काढा. पुढच्या नटांवर पेंटचा ठिपका द्या. पाना लागला की तो तुटतो. यावर कुणी "विश्वास न्हाई व्हय?" म्हणालं तर गाडी तशीच बाहेर घ्या.

मिस्त्रींनी स्टड नवे टाकून दिले आणि कंपनीचा सायलेन्सर पुतण्यानंच गावाकडं अंगणात बसवला, नटांना तांब्याची पेस्ट लावून. ज्यांनी अलीकडं बाहेर सायलेन्सर बदललाय त्यांनी गाडी थंड असताना एकदा तो डबा वाजवून बघा, आणि मागच्या वर्षीचा पीयूसीचा कागद कुठं ठेवलाय तेही शोधा.