लिलावातील घरांची सशुल्क यादी : ‘उपलब्ध’ या शिक्क्यावर किती विसंबावे?

बँकांनी थकीत कर्जापोटी विक्रीस काढलेली घरे एकाच ठिकाणी दाखवणाऱ्या एका सशुल्क संकेतस्थळाची वर्गणी मी धाकट्या भावासाठी भरली होती. छत्रपती संभाजीनगरात, शक्यतो वाळूज किंवा बीड बायपासच्या बाजूला, त्याच्या पगारात बसेल असे घर हवे होते. येथे त्या संकेतस्थळाचे नाव देत नाही, कारण पुढे सांगितलेले दोष त्या एकट्याचे नाहीत; इतर याद्या चाळल्या तेव्हा त्यांतही मला तेच दिसले.

आधी गुण सांगतो. सरफेसी कायद्याखाली, म्हणजे बँकांना न्यायालयात न जाता तारण मालमत्ता विकू देणाऱ्या 2002 च्या कायद्याखाली, जाहीर लिलाव करायचा असेल तर विक्रीची सूचना दोन प्रमुख वृत्तपत्रांत द्यावी लागते आणि त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असावे लागते. जालना, लातूर, नांदेड, परभणी अशा प्रत्येक आवृत्तीतील या बारीक अक्षरांतील सूचना रोज वाचणे कोणाही नोकरदाराला शक्य नाही. हे काम ही सेवा चोख करते. तालुका आणि राखीव किंमत (लिलावातील किमान किंमत) निवडली की सूचना समोर येते आणि मूळ जाहिरातीची प्रतही उघडता येते. एवढ्यासाठी वर्गणी योग्य आहे, असे माझे मत आहे.

खरा दोष ‘उपलब्ध’ या हिरव्या शिक्क्यात आहे. सूचना आली की शिक्का बसतो आणि लिलावाची तारीख उलटून गेली तरी तो तसाच राहतो. घर विकले गेले, बोलीच आली नाही, बँकेने लिलाव पुढे ढकलला किंवा कर्जवसुली न्यायाधिकरणाने स्थगिती दिली, यांतले नेमके काय झाले हे यादीवरून कळत नाही. तेच घर काही महिन्यांनी कमी राखीव किमतीत पुन्हा दिसले, तर यादी त्याला ‘सवलत’ म्हणते. माझ्या मते वारंवार लिलावाला येणारे घर हा सावधगिरीचा इशारा मानावा, कारण बहुधा आत कोणी राहत असते किंवा हक्काचा वाद चालू असतो.

त्याहून गंभीर गोष्ट अशी की, तीन वेगळ्या प्रकारच्या विक्री या यादीत एकाच रांगेत उभ्या केल्या आहेत आणि प्रत्येकीत घर हाती येण्याची शक्यता निराळी आहे. पहिली सरफेसीखालची. 2016 च्या दुरुस्तीनंतर कर्जदाराला थकबाकी भरून घर सोडवून घेण्याचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितले. म्हणून येथे खरेदीदाराच्या हातून घर जाण्याची भीती तुलनेने कमी असते. मात्र कर्जदार कलम 17 खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागू शकतो. आपल्या शहरातच हे न्यायाधिकरण आहे आणि पक्षकाराच्या नावावरून प्रकरणाची स्थिती इंटरनेटवर पाहता येते. सूचनेत कर्जदाराचे नाव छापलेले असतेच, त्यामुळे हा शोध कोणालाही घेता येतो.

दुसरी पतसंस्थांची. मराठवाड्यात पतसंस्थांचे जाळे दाट असल्याने यादीत या सूचना भरपूर असतात. ही वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली विशेष वसुली अधिकारी करतात आणि तेथे त्या अधिनियमाखालील नियमांतला नियम 107 लागू होतो. त्या नियमानुसार बोली मंजूर झाल्यावरही, विक्रीच्या तारखेपासून 30 दिवसांच्या आत मालकाने थकबाकी आणि खरेदीदारासाठी बोलीच्या 5 टक्के रक्कम जमा केली तर विक्री रद्द करून घेता येते. म्हणजे ज्याने सर्वांत मोठी बोली लावली, त्याचेही घर महिनाभर अधांतरी असते. यादीत याचा एका शब्दानेही उल्लेख नाही आणि खरेदीदाराच्या दृष्टीने ही सर्वांत अक्षम्य उणीव आहे.

तिसरी विक्री मालक स्वतः करतो, पण येणे बाकी घराच्या किमतीहून जास्त असल्यामुळे बँकेच्या संमतीशिवाय ती पूर्ण होत नाही. अमेरिकेत याला शॉर्ट सेल म्हणतात आणि तेथेही एखादा प्रस्ताव कर्ज देणाऱ्या संस्थेच्या मंजुरीसाठी पडून असताना घर विक्रीस असल्याचे दिसत राहू शकते. आपल्याकडे हे एकरकमी तडजोडीतून, म्हणजे बँक ठरलेली रक्कम घेऊन कर्ज मिटवते तेव्हा, घडते. अशा घरासाठी बँकेचे तडजोड मंजुरीचे पत्र आणि त्यावरील मुदत पाहायला मागावी; पत्र नसेल तर मालकाच्या तोंडी आश्वासनावर इसार देऊ नये.

ताब्याबाबतही यादी मौन पाळते. मूळ सूचनेत ताबा सांकेतिक की प्रत्यक्ष हे बहुधा लिहिलेले असते. सांकेतिक ताबा असेल तर दारावर नोटीस लागलेली असते, पण कुटुंब आतच राहत असते. त्यांनी घर सोडले नाही तर प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला सरफेसीच्या कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागते. वाळूजच्या एका फ्लॅटचे छायाचित्र यादीत रिकाम्या खोल्यांचे होते, प्रत्यक्षात गॅलरीत कपडे वाळत होते. त्या कुटुंबाला पाहिल्यावर तेथे बोली लावण्याची आमची इच्छा राहिली नाही.

याखेरीज गुंठेवारीच्या भूखंडावरील घर असेल तर ते नियमित झालेले आहे का, जमीन इनामी किंवा भोगवटादार वर्ग 2 (विकण्यासाठी सरकारी परवानगी लागणारी) आहे का, हे सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरून पाहावे. घर आधीच विकले जाऊन विक्री प्रमाणपत्राची नोंदणी झालेली असेल, तर नोंदणी विभागाच्या मोफत ई-सर्चवर ते शोधता येते.

हे सारे अनामत भरण्याआधी करणे भाग आहे, कारण सरफेसीच्या लिलावात बोली मंजूर झाली की त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी अनामतीसह 25 टक्के रक्कम भरावी लागते आणि उरलेली भरण्यासाठी साधारण 15 दिवसच मिळतात. सूचनेत बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक असतो. त्यांना लिलाव ठरल्या दिवशी होणार आहे का, स्थगिती आहे का आणि ताबा कोणाकडे आहे, असे सरळ विचारले तर आम्हाला बहुतेक ठिकाणी नीट उत्तर मिळाले. पाहणीची वेळही त्यांनीच दिली.

पाचपैकी तीन तारे देतो. सूचना गोळा करण्यासाठी ही यादी घ्यावी. त्यांनी विक्री कोणत्या कायद्याखालची आहे, ताबा कोणता आहे आणि मागच्या लिलावाचे काय झाले, हे तीन रकाने जोडले तर मी चौथा तारा आनंदाने देईन. हे मी त्यांना लेखी कळवले आहे.