गॅस पेटतो, पण अहवालात जीव नाही: एका डीएनए सिक्वेन्सिंग सेवेचा अनुभव

गेल्या वर्षभरात आमच्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने कोल्हापूरबाहेरच्या एका खासगी प्रयोगशाळेकडून डीएनए अनुक्रमण, म्हणजे रोजच्या बोलण्यातले सिक्वेन्सिंग, करून घेतले. प्रयोगशाळेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेली चूक तिच्या एकटीचीच असेल असे मला वाटत नाही. आम्ही पाठवलेले नमुने तीन प्रकारचे होते: उसाच्या कांडीतून वेगळे केलेले जिवाणू, पन्हाळ्याच्या वाटेवरील जांभळाची पाने आणि करवीर तालुक्यातील एका गोठ्यामागच्या गोबरगॅस टाकीतली स्लरी.

जिवाणूंच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. आपल्याकडे ऊस लावताना बेण्याला ज्या अ‍ॅसिटोबॅक्टरची प्रक्रिया करतात, तो उसाच्या आत राहून हवेतला नत्र स्थिर करणारा जिवाणू आम्ही शोधत होतो. ओळख पटवण्यासाठी वापरले जाणारे १६-एस आरआरएनए जनुक (पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएचे जनुक) साधारण १५०० अक्षरांचे, म्हणजे डीएनएच्या घटकांचे, असते आणि एका वेळी एकच तुकडा वाचणाऱ्या सँगर पद्धतीच्या एका वाचनात ७०० ते ९०० अक्षरेच भरवशाची मिळतात. म्हणून आम्ही दोन्ही दिशांनी वाचन मागितले आणि ते आठवड्याच्या आत मिळाले. पीडीएफ अहवालातला रंगीत वंशवृक्ष शोभेचाच असतो. खरे मोल मूळ क्रोमॅटोग्राम फाइलचे, म्हणजे यंत्राने टिपलेल्या आलेखाचे, आणि ती न मागता आली. पाचपैकी दोन जिवाणू आम्ही समजत होतो ते निघाले नाहीत, पण तो दोष आमच्या पेट्रीडिशचा.

जांभळाच्या पानांनी पहिल्या खेपेस दगा दिला. या पानांत टॅनिन भरपूर असते, ते डीएनएबरोबर उतरते आणि डीएनएच्या प्रती वाढवणारी पीसीआर ही प्रक्रिया अडवते. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांनी स्वतः फोन करून कोवळी पाने घ्या, डीएनए वेगळा करण्याची सीटॅब पद्धत वापरा आणि तीत टॅनिन बांधून ठेवणारे पीव्हीपी मिसळा असे सुचवले. दुसऱ्या खेपेस वनस्पती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आरबीसीएल जनुकाचे वाचन स्वच्छ आले, आणि पहिल्या अपयशाचे शुल्क लावले गेले नाही. इतक्या सौजन्याची मला अपेक्षा नव्हती.

अडचण आली ती स्लरीत. येथे एकच जीव नसून अख्खी वस्ती असते, त्यामुळे सँगर चालत नाही. सर्व जीवांच्या १६-एस जनुकाचे छोटे तुकडे एकत्र वाचणारी पद्धत घ्यावी लागते आणि ती बरीच महाग असते. आलेल्या अहवालात जिवाणूंची लांबलचक यादी होती, आणि आर्किया या गटासमोर जवळपास शून्य. आता त्या घरात सकाळचे दूध याच टाकीच्या गॅसवर तापते. शेणाच्या टाकीत मिथेन तयार करण्याचे काम आर्कियांचेच. ते नसतील तर चूल पेटते कशी? कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली आरआरएनएच्या आधारे दाखवले की मिथेन बनवणारे हे जीव जिवाणूंच्या कुळातले नाहीत. पुढे १९९० मध्ये वूज आणि सहकाऱ्यांनी जिवाणू, आर्किया आणि दृश्यकेंद्रकी (पेशीत केंद्रक असलेले जीव) अशी तीन अधिक्षेत्रे मांडली. आमचा अहवाल जीवशास्त्राला १९७७ च्या मागे घेऊन गेला होता.

कारण विचारल्यावर प्रथम ‘डीएनएचा दर्जा कमी’ असे छापील उत्तर आले. दोन ईमेल आणि एका लांब फोननंतर कळले की प्रायमर, म्हणजे जनुकाला चिकटून तुकडा वाढवायला सुरुवात करून देणारे छोटे डीएनए धागे, जिवाणूंसाठी निवडलेले होते. त्यांच्या दरपत्रकात त्यांना ‘सार्वत्रिक’ म्हटले आहे, आणि माझा मुख्य आक्षेप याच शब्दावर आहे. जनुकाच्या ज्या टोकाला प्रायमर चिकटतो, तिथली अक्षरे आर्कियांत वेगळी असली तर तो तुकडा वाढतच नाही, आणि जो वाढला नाही तो यंत्राला दिसत नाही. मागणीच्या अर्जात नमुना कुठला, हा रकाना आम्ही नीट भरला होता. ‘गोबरगॅस’ हा शब्द वाचून एकाने तरी थांबायला हवे होते.

आर्कियांचे प्रायमर वापरून केलेल्या दुसऱ्या फेरीत मिथेनोसार्सिना आणि मिथेनोबॅक्टेरियम या प्रजाती ठळकपणे दिसल्या. (दुसरीच्या नावात ‘बॅक्टेरियम’ अजून टिकून आहे, जुनी समजूत नावातून सहज जात नाही.)

कोल्हापुरातून नमुने पाठवणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. शुद्ध केलेला डीएनए मद्यार्कात ठेवून पाठवला तर बर्फाच्या खोक्याचा खर्च टाळता येतो. आमच्या नळ्या मे महिन्यात शाहूपुरीतल्या कुरिअर कचेरीत दोन दिवस पडून राहिल्या आणि तरीही वाचन उत्तम आले. आरएनएला मात्र ही सवलत नाही. पावसाळ्यात पंचगंगेला पूर आला की महामार्गाचे काही खरे नसते, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये नाजूक नमुने पाठवू नयेत.

जिवाणू आणि वनस्पतींसाठी आम्ही याच प्रयोगशाळेकडे पुन्हा जाऊ. आर्कियांसाठी जायचे तर प्रायमरची नावे आधी लेखी मागून घेऊ. दुसऱ्या फेरीचे अर्धे शुल्क त्यांनी आकारलेच, आणि एकाच नमुन्याची दोन बिले का, हे समजावून देता देता महाविद्यालयाच्या लेखापालांना आर्किया म्हणजे काय इथपासून सांगावे लागले.