डी-लिंक कॅट-६ केबल, ३०५ मीटरचा बॉक्स: नव्या घरासाठी घ्यावा का?

भिंतीत एकदा गाडायची नेटवर्क केबल म्हणून हा बॉक्स जरूर घ्यावा, पण २३ गेजचाच (गेज म्हणजे तारेची जाडी; आकडा लहान तितकी तार जाड). याच कंपनीची २४ गेजची कॅट-६ही मिळते आणि काउंटरवर दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून जॅकेटवरची छपाई वाचूनच पैसे द्या.

पैसे लागतात ते तांब्याचे. स्वस्त केबलमध्ये बऱ्याचदा सीसीए असते, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे लांबच्या पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज घेणाऱ्या) कॅमेऱ्यापर्यंत व्होल्टेज नीट पोचत नाही. शिवाय कीस्टोनमध्ये, म्हणजे भिंतीवरच्या नेटवर्क सॉकेटमध्ये, तार दाबून बसवताना (पंच करताना) ती तुटते. तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर घेऊ नका.

टू बीएचकेला हॉलमध्ये टीव्हीजवळ २, प्रत्येक बेडरूमला २, छतावरच्या वायफायच्या ॲक्सेस पॉइंटला १ आणि दारावरच्या कॅमेऱ्याला १ असे ८ पॉइंट धरा. प्रत्येकाला राउटरच्या जागेपासून स्वतंत्र, अखंड केबल हवी. मध्ये जोड नको. सरासरी १५ मीटर धरले तरी १२० मीटर पुरतात. एवढ्यासाठी अख्खा बॉक्स जास्तच होतो, सोबत कुणी घेणारं असेल तर वाटून घ्या.

केबल जरा ताठ आहे. २५ मिमीच्या पाइपमध्ये तीनच टाका, आणि एल्बोऐवजी लांब बेंड लावायला सांगा. प्लास्टरवर पाणी मारून झाल्यावरच केबल ओढा, नाहीतर पाइपमध्ये साचलेलं पाणी उघड्या टोकातून आत शिरतं. लाइटच्या वायरी त्याच पाइपमधून नेणं अजिबात चालणार नाही. इलेक्ट्रिशियन हे सर्रास करतात, तेव्हा काम सुरू असताना तिथे थांबा.

दोन्ही टोकांना टी५६८बी हाच रंगक्रम ठेवा आणि जोड्यांचा पीळ १३ मिमीपेक्षा जास्त उकलू नका. सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतो. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी नीट बसली नाही तरी लिंक १००० ऐवजी १०० एमबीपीएसवर येऊ शकते; नेट चालू असतं, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन्ही टोकांना सारखीच चूक होऊन जोड्यांमधल्या तारांची अदलाबदल झाली असेल, तर ती दिव्यांच्या साध्या टेस्टरला कळत नाही. पुट्टीच्या आधी प्रत्येक पॉइंटला लॅपटॉप लावून लिंक स्पीड बघा आणि मोठी फाइल कॉपी करून पाहा.

जॅकेट साध्या पीव्हीसीचं आहे. गच्चीवरच्या कॅमेऱ्यासाठी ही वापरू नका, तिथे पीई (पॉलिइथिलीन) जॅकेटची आउटडोअर केबलच घ्या.