प्लगमधलं वॅटमीटर, उन्हाळा ते दिवाळी: बिलाचा चोर सापडतो, पण वीज गेली की रीडिंग पुसलं जातं

सॉकेट आणि उपकरणाचा प्लग यांच्या मध्ये बसणारा डबा, १६ अँपिअरचा, व्होल्ट-अँपिअर-वॅट-युनिट दाखवणारा. हा प्रकार सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो. मुद्दा आहे मेमरीचा. वीज गेली की तोवर जमलेली युनिटं शून्यावर येतात, आणि खोक्यावर मात्र ठळक अक्षरांत 'डेटा बॅकअप' छापलेलं आहे.

ज्याला ही तक्रार किरकोळ वाटते त्याने यावर फ्रिज मोजून बघावा. फ्रिजचा त्या क्षणाचा वॅटचा आकडा बघून काहीच कळत नाही. कॉम्प्रेसर चालू असेल तर १००-१५०, बंद असेल तर अगदी थोडे, आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमधला बर्फ वितळवणारा हीटर लागला की तिसराच आकडा. खरं चित्र दिसतं ते पूर्ण २४ तासांच्या युनिटांवरून, शक्यतो ४८ तासांच्या. २५० लिटरच्या आसपासचा सुस्थितीतला फ्रॉस्ट-फ्री फ्रिज दिवसाला साधारण एक युनिटाच्या आगेमागे राहतो. दोनच्या वर जात असेल तर दाराचं रबर, थर्मोस्टॅट किंवा डीफ्रॉस्टची यंत्रणा यांपैकी काहीतरी बिघडलंय. रबर तपासायला दारात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा, सहज निसटला तर तिथून थंडावा जातोय. थर्मोस्टॅट अडकलेला असेल तर कॉम्प्रेसर थांबतच नाही. १२० वॅट अखंड म्हणजे दिवसाला जवळपास २.९ युनिटं. हे सगळं ठरतं त्या एका जमलेल्या आकड्यावर, आणि नेमका तोच आकडा दोन मिनिटं वीज गेली की ०.०० होतो. पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बहुधा गुरुवारी बंद ठेवतात, त्यामुळे बुधवारी लावलेलं मोजमाप वाया गेलंच समजा. फ्रिजचं मोजमाप शुक्रवारी सकाळी लावायचं आणि दर काही तासांनी आकडा कागदावर उतरवून ठेवायचा, म्हणजे मध्ये वीज गेली तरी सगळं जात नाही. मोजायच्या यंत्राला आपण वही पुरवायची, हे पैसे मोजून घेतलेल्या वस्तूच्या बाबतीत मला मान्य नाही.

विक्रेत्याचं म्हणणं असं की वीज गेल्यावर रीडिंग जाणं हा दोष नाही आणि ते वॉरंटीत बसत नाही. मग बॅकअप छापलं कशाला, याचं उत्तर मिळालं नाही. बदलून आलेला नगही तसाच निघाला.

गणपतीनंतरची भर: आधी दोनच तारे द्यायचं ठरवलं होतं, मत थोडं बदललंय. आत एक छोटा ३.६ व्होल्टचा रिचार्जेबल बटणसेल असतो आणि मेमरी त्याच्यावर चालते. माल दुकानात महिनोन्महिने पडून राहिला की तो पार उतरतो. नवीन मीटर आधी दिवसभर नुसतं सॉकेटमध्ये लावून ठेवलं तर सेल चार्ज होतो आणि छोट्या खंडितीत आकडा टिकतो. ही ओळ माहितीपत्रकात कुठेही नाही. मात्र सेल हलक्या दर्जाचा असल्यामुळे पावसाळा संपता संपता पुन्हा तेच सुरू झालं. त्या मापाचा, पट्ट्या लावलेला सेल पुण्यातल्या तपकीर गल्लीत, विजेच्या वस्तूंच्या बाजारात, मिळाला. तो सोल्डर केल्यापासून वीज गेली तरी आकडा पुसला जात नाही. डबा उघडला की वॉरंटी संपते, हे लक्षात ठेवून हात घाला, आणि उघडताना तो सॉकेटमधून काढलेला असू द्या.

आता याने काय सापडतं ते. सगळ्यात आधी एक गुणाकार पाठ करा: अखंड चालणारा प्रत्येक वॅट ३० दिवसांत ०.७२ युनिट खातो. पडद्यावरचा वॅट गुणिले ०.७२, झाली महिन्याची युनिटं. सेट-टॉप बॉक्स रिमोटने 'बंद' केला तरी बरेचसे बॉक्स ८ ते १५ वॅट घेतच राहतात, कारण फक्त पुढचा दिवा बदलतो. १२ वॅट धरले तर ८-९ युनिटं झाली. फायबरचा राउटर आणि त्याचा अडॅप्टर ८-१० वॅट. टीव्ही बदलला तरी भिंतीवर तसाच राहिलेला जुना स्टॅबिलायझर नुसता बसून ५ ते १५ वॅट घेतो. हात लावून बघा, कोमट लागेल. मोबाइलच्या रिकाम्या चार्जरमागे लागण्यात अर्थ नाही, तो पाव वॅटसुद्धा घेत नाही. ४-५ वॅटच्या खाली हे मीटर भरवशाचं नाही, म्हणून अशा बारीक गोष्टी एका स्पाइकबस्टरवर एकत्र लावून मोजायच्या.

आकडा वाचताना फक्त वॅट बघा. व्होल्ट गुणिले अँपिअर करू नका. अडॅप्टरवाल्या वस्तूंचा पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला खऱ्या वॅटचा वाटा) कमी असतो, त्यामुळे तो गुणाकार जवळपास दुप्पटसुद्धा येतो. घरगुती बिल किलोवॅट-तासांवर लागतं, म्हणजे वॅटवर. 'पॉवर सेव्हर' म्हणून जे हिरव्या दिव्याचे डबे विकतात त्यांत मुख्यतः एक कपॅसिटर असतो. तो अँपिअर कमी करून दाखवतो, वॅटला धक्का लावत नाही. असला डबा कुणी आणलाच तर या मीटरच्या मदतीने पाच मिनिटांत सोक्षमोक्ष लागतो, आणि एवढ्यासाठीही हे मीटर घरात असावं असं मला वाटतं.

पण पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते इन्व्हर्टरवर. पुण्यात इन्व्हर्टर असलेल्या बऱ्याच घरांत दीडशे अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते, आणि ती म्हातारी झाली की बॅकअप कमी होतो एवढंच लोकांच्या लक्षात येतं. तिचा एखादा सेल शॉर्ट झाला की चार्जरला ती कधीच 'भरली' असं वाटत नाही. तो रात्रंदिवस करंट ढकलत राहतो, त्यातला बराचसा पाण्याचे वायू करण्यात आणि बॅटरी गरम करण्यात जातो. लक्षणं सोपी आहेत: डिस्टिल्ड वॉटर महिन्या-दीड महिन्याला घालावं लागतं, बॅटरीची एक बाजू हाताला कोमट लागते, आणि वीज गेलेली नसतानाही इन्व्हर्टरचा पंखा घरघरत असतो.

मोजताना मात्र एक गोष्ट सांभाळावी लागते. इन्व्हर्टरच्या प्लगमधून फक्त चार्जिंग जात नाही, त्याच्यावर जोडलेले पंखे-दिवेही तिथूनच चालतात. म्हणून आधी डीबीमधली (घरातल्या मुख्य स्विचपेटीतली) इन्व्हर्टर लाइनची एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा छोटा स्विच) पाडायची, म्हणजे बाहेर जाणारा भार शून्य. इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद केल्याने हे होत नाही, कारण बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये ते बटण फक्त बॅकअप बंद करतं आणि वीज आरपार जात राहते. प्लग काढून मध्ये मीटर बसवायचं, प्लग परत लावायचा. मागचे २४ तास वीज गेलेली नसावी, नाहीतर खरंखुरं चार्जिंगच मोजलं जाईल. इन्व्हर्टर-बॅटरीच्या धडधाकट जोडीचा आकडा उतरत उतरत १०-२० वॅटवर येऊन थांबतो. तो ६० वर अडकला तर महिन्याला ४३ युनिटं झाली, १०० वर अडकला तर ७२. मग प्रत्येक सेलमधल्या आम्लाचं घनत्व हायड्रोमीटरने (घनत्व मोजायच्या नळीने) बघायचं: पाच १.२२-१.२५ दाखवतायत आणि एक १.१५ च्या खाली बसलाय, तर बॅटरी बदला. पाणी घालून ती सुधारत नाही. बॅटरी विकणारेसुद्धा हा खर्च कधी सांगत नाहीत, फक्त बॅकअपच्या तासांबद्दल बोलतात.

ही युनिटं बिलात कुठून कापली जातात ते पाहिलं म्हणजे महत्त्व पटेल. महावितरणचे घरगुती टप्पे ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि त्यापुढे असे आहेत. दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार पहिल्याच्या जवळपास दुप्पट आहे, त्यावर वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) आणि १६ टक्के वीज शुल्क. वाचवलेलं युनिट नेहमी सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं. ३३० युनिटांच्या घरात नव्या बॅटरीने आकडा ६० वरून १५ वॅटवर आला तर ३२ युनिटं वाचतात आणि तिसरा टप्पा बिलातून पुसला जातो.

गिझरसाठी हे मीटर वापरू नका असं सांगेन. २००० वॅट म्हणजे साडेआठ-नऊ अँपिअर, कागदोपत्री १६ च्या आत, पण याच्या पुढच्या, सगळ्या प्रकारचे प्लग बसणाऱ्या सॉकेटची पकड सैल आहे आणि दहा-बारा मिनिटांत डबा गरम होतो. शिवाय गिझरचा हिशोब मीटरविना होतो: १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला ०.६ युनिटाच्या आसपास लागतं. पडद्याची गरजच नाही. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने कॉइलवर क्षार चढले म्हणून बिल फार वाढत नाही, उष्णता शेवटी पाण्यातच जाते. कॉइल मात्र लवकर जळते. बिल वाढतं ते दिवसभर बटण चालू ठेवल्याने. ६ अँपिअरच्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून हे मीटर चालवणंही टाळा, कारण सैल जोड आणखी एक वाढतो.

प्लगवर नसलेल्या गोष्टी, म्हणजे पंखे, पंप, भिंतीतली गळती, याला मोजताच येत नाहीत. त्यासाठी महावितरणचं मीटर आहेच, फुकट आणि जास्त अचूक. त्याच्यावर 'इम्पल्स प्रति किलोवॅट-तास' असा आकडा लिहिलेला असतो, बऱ्याचदा ३२००. तसं असेल तर लाल दिव्याच्या दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्याने भागा, चालू वॅट मिळतात. १६०० असेल तर २२५० ला भागा. एकाने पार्किंगमधल्या मीटररूममध्ये उभं राहायचं, दुसऱ्याने वर डीबीपाशी, मध्ये फोन चालू, आणि एकेक एमसीबी पाडत जायची. आधी बिलावरचा मीटर क्रमांक प्रत्यक्ष मीटरशी जुळवा. शेजाऱ्यांशी अदलाबदल झालेली असू शकते. शेवटी मेन स्विच बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं एकही लुकलुक दिसता कामा नये. काही मीटरचा दिवा भार नसताना स्थिर पेटून राहतो, ते ठीक आहे. पण मेन बंद असताना लुकलुक चालूच असेल तर मीटर आणि मेन स्विच यांच्या मध्ये कुणीतरी काहीतरी जोडलेलं आहे, जिन्याचा दिवा किंवा दुसऱ्याची लाइन. मग १९१२ वर तक्रार नोंदवून जागेवर मीटर तपासणी मागा. सील स्वतः उघडायचं नाही.

याहून छुपा प्रकार न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीचा. हल्लीची मीटरं फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल दोन्हींतला करंट बघतात आणि जो जास्त असेल तो धरतात. इन्व्हर्टरचं वायरिंग करताना शेजारच्या फ्लॅटचा किंवा जिन्याचा न्यूट्रल तुमच्यात मिसळला असेल, तर त्यांचा परतीचा करंट तुमच्या बिलात येतो. गिझरच्या कॉइलचं आवरण फुटून अर्थमध्ये गळती होत असेल तरी युनिटं तुमचीच. मीटरवर अर्थचं चिन्ह किंवा 'ई' पेटलेलं दिसलं तर हाच संशय घ्या. इलेक्ट्रिशियनकडून मेनवर फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र धरून क्लॅम्प मीटर (वायरींभोवती अडकवून करंट मोजणारं) लावून घ्या. शून्याच्या जवळ आकडा यायला हवा. खरं तर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर असली गळती ती आधीच पकडते. अनेक घरांत 'सारखी पडते' म्हणून इलेक्ट्रिशियनने ती काढून टाकलेली असते किंवा वळसा घातलेला असतो. सारखी पडणारी आरसीसीबी तुम्हाला गळती दाखवत असते. ती काढून टाकल्याने बिल तर वाढतंच, जिवाचाही धोका असतो. पडत असेल तर कारण शोधा, ती परत बसवून घ्या, आणि ज्याने काढली त्याला पुन्हा बोलावू नका.

बंगला किंवा रो-हाउस असेल तर पंपाकडे बघा. फूट व्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपच्या तळाची, पाणी मागे न जाऊ देणारी झडप) गळका असला की चढवलेलं पाणी परत खाली येतं, आणि संडासाच्या फ्लशमधून बारीक धार चालू असली की वरची टाकी रात्रभर रिकामी होत राहते. फ्लशच्या टाकीत हळदीचं पाणी ओता, अर्ध्या तासात भांड्यात पिवळं दिसलं तर वॉशर गेलाय. एक अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण एक युनिट खातो.

साडेतीन तारे. अर्धा मेमरीसाठी कापलाय, एक सॉकेटच्या सैल पकडीसाठी. घेणार असाल तर दुकानातच तपासून घ्या: मीटर लावा, पुढे इस्त्री लावून युनिटांत ०.०१-०.०२ जमू द्या, भिंतीवरचं बटण पाच मिनिटं बंद ठेवा, पुन्हा चालू करा. आकडा शून्य झाला तर दुसरा नग मागा. दुकानदार एवढा वेळ द्यायला तयार नसेल तर तिथून घेऊ नका.