सोडियम आयोडाइडचा गॅमा स्पेक्ट्रोमीटर, वेंगुर्ल्याच्या दमट हवेत

टीवायच्या फिजिक्स लॅबसाठी गॅमा किरणांची ऊर्जा मोजायला घेतलेला संच: दोन इंची सोडियम आयोडाइड स्फटिक, त्यामागे स्फटिकातली चमक विजेच्या स्पंदात बदलणारा फोटोमल्टिप्लायर, ते स्पंद ऊर्जेनुसार कप्प्यांत मोजणारा १०२४ चॅनलचा अ‍ॅनालायझर आणि सॉफ्टवेअर. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत.

पत्रकात सीझियमच्या ६६२ केईव्हीच्या (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) रेषेला ७ टक्के रेझोल्यूशन, म्हणजे ऊर्जेच्या मानाने रेषेची रुंदी, लिहिलंय, तेवढं मिळतं. मला मात्र सीझियमपेक्षा खत बरं वाटतं. आंब्याला घालायचं पोटॅश पिशवीत भरून स्फटिकाला टेकवलं की पोटॅशियम-४० ची १४६१ केईव्हीची रेषा हळूहळू वर येते. आमचे लॅबमधले काका म्हणाले, "सर, बागेतला खत लॅबात कित्याक?" पेट्रोमॅक्सची जुनी जाळी मिळाली तर तिच्यातलं थोरियम २६१५ केईव्हीची रेषा दाखवतं.

खरी किंमत वसूल होते ती पुढे. ताऱ्यांत मूलद्रव्यं कशी घडतात हे शिकवताना मी एकच अभिक्रिया घेतो: नायट्रोजन-१४ प्रोटॉन पकडतो आणि ऑक्सिजन-१५ होतो. सीएनओ चक्रातला (कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनच्या मदतीने ताऱ्यात हायड्रोजनचं हेलियम होतं ते चक्र) हा सगळ्यात सावकाश टप्पा, म्हणून अख्ख्या चक्राचा वेग तोच ठरवतो. सुमारे ७.३ एमईव्ही (म्हणजे ७३०० केईव्ही) ऊर्जा गॅमा किरणांतून बाहेर पडते. आता मुलांना कुठलाही स्रोत न ठेवता रात्रभर घेतलेला आलेख दाखवायचा. २६१५ च्या पुढे मोजणी धाडकन कोसळते, पण शून्य होत नाही. उरतात ते मुख्यतः कॉस्मिक किरण. त्यांच्यापासून लपायला तर ताऱ्यांतल्या अशाच अभिक्रिया मोजणाऱ्या लूना प्रयोगाचा त्वरक (कणांना वेग देणारं यंत्र) इटलीत ग्रान सासो डोंगराच्या पोटात, १४०० मीटर खडकाखाली बसवलाय. तिथे म्युऑन (कॉस्मिक किरणांतले आरपार जाणारे कण) दहा लाख पटींनी कमी. एवढं करूनही प्रोटॉनची ऊर्जा ७० केईव्हीच्या आसपास उतरवली तेव्हा दिवसाकाठी मोजक्याच घटना हाती लागल्या, आणि सूर्याच्या गाभ्यात तर हे सगळं २७ केईव्हीच्या जवळपास चालतं! मधलं अंतर गणितानेच कापायचं. लूनाच्या मोजमापांनी जुना दर जवळजवळ निम्म्यावर आणला, तशी गोलाकार तारकागुच्छांची (फार जुन्या ताऱ्यांच्या दाट पुंजक्यांची) काढलेली वयंही वाढली.

आता कुरकुर. सॉफ्टवेअर मुळात ३ एमईव्हीपर्यंतच लावून येतं. पुढचं बघायचं तर हाय व्होल्टेज कमी करून कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागतं, आणि माहितीपुस्तिकेत त्याचा उल्लेखही नाही. सात एमईव्हीच्या गॅमाला दोन इंची स्फटिक तोकडाच, ऊर्जेचा बराच भाग बाहेर निसटतो. २६१५ च्या रेषेलाच २१०४ ला एस्केप पीकचा (५११ केईव्ही निसटल्यावर उरलेल्या ऊर्जेचा) उंचवटा दिसतो. लूनाने लक्ष्याभोवती मोठा बीजीओ (बिस्मथ जर्मेनेट) स्फटिक ठेवला होता. तो जास्त घन, शिवाय ओलही धरत नाही. रेझोल्यूशन मात्र याच्याहून वाईट.

ओल हा आमचा जुना वैरी. स्फटिक अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात बंद असतो, त्याला काही होत नाही. जुलैत हाय व्होल्टेजचा कनेक्टर मात्र चुरचुरायला लागतो आणि खालच्या चॅनलांत नुसता कचरा भरतो. सूक्ष्मदर्शकांच्या कपाटात बल्ब लावतो तिथेच आता हाही राहतो. वीज जाऊन आली की रेषा सरकलेल्या असतात, अर्धा तास थांबावंच लागतं.

जर्मेनियम डिटेक्टर घ्या असं सुचवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की त्याला सहसा द्रवरूप नायट्रोजन लागतो आणि आमच्याकडे तो बघायला मिळतो गुरांच्या दवाखान्यात, रेतमात्रांच्या टाकीत.

घेणार असाल तर तीन इंची स्फटिक मागा, आणि पावसाळ्यानंतरची एक तपासणी करारात लिहून घ्या. आमच्या विक्रेत्याचा माणूस कोल्हापूरहून येतो. घाट बंद असला की तो फोनवरच रोगनिदान करतो.