आंब्याच्या ऑर्डरींसाठी एपीआय: फ्लास्क की फास्टएपीआय?

देवगडला आमच्या काकांची हापूसची बाग आहे. गुढीपाडवा झाला की फोन सुरू होतात, आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत काकूची वही नावं, पेट्या, पत्ते यांनी भरून जाते. त्या वहीच्या जागी मी एक छोटं एपीआय, म्हणजे ॲपकडून आलेली ऑर्डर घेऊन नोंदवणारा प्रोग्राम, करून दिलं. पहिल्या हंगामात फ्लास्कवर, दुसऱ्यात फास्टएपीआयवर. तुम्हालाही आंबा, होमस्टे किंवा बोटीच्या बुकिंगसाठी असं काही उभारायचं असेल, तर दोन्हींवर काम करून जे कळलं ते सांगतो. दोन्ही पायथन भाषेतली फ्रेमवर्क, म्हणजे असा प्रोग्राम लिहायचे तयार सांगाडे, आहेत आणि दोन्ही फुकट.

सुरुवात फ्लास्कची सोपी. एक फाइल, पाच-सात ओळी, आणि ब्राउझरमध्ये ५००० पोर्टवर उत्तर दिसायला लागतं. २०१० पासून ते वापरात आहे, त्यामुळे कुठेही अडलात तरी तोच प्रश्न आधी कुणीतरी विचारून सोडवलेला असतो. वेबपानाचे साचे भरणारं जिंजा सोबतच येतं, म्हणून साधं वेबपान दाखवायचं असेल तर वेगळं काही आणावं लागत नाही. आजचा पेटीचा भाव, रिकाम्या खोल्या, अशी नुसती माहिती द्यायची असेल तर मी डोळे झाकून फ्लास्क घेईन.

ऑर्डर घ्यायची वेळ आली की मात्र चित्र बदलतं. आमच्याकडे एका मुंबईच्या गिऱ्हाइकाने पेट्यांच्या रकान्यात 'दोन' असं अक्षरात लिहिलं. फ्लास्कने ते आहे तसं माझ्या हातात दिलं, मी तपासलं नाही, आणि एस्क्यूलाइट या डेटाबेसने आकड्याच्या रकान्यातही तो मजकूर मुकाट ठेवून घेतला. साध्या टेबलात एस्क्यूलाइट प्रकाराची सक्ती करत नाही. बेरीज करताना असा मजकूर शून्य धरला जातो. संध्याकाळी एकूण पेट्या काढल्या तेव्हा दोन कमी आल्या, आणि तेवढ्याच भरल्या गेल्या. आंबा झाडावरून उतरवलेला, गाडी सुटलेली, आणि गिऱ्हाईक वाट बघत बसलेलं. तो फोन काकूला घ्यावा लागला, याचं मला आजही वाईट वाटतं.

फास्टएपीआयमध्ये हीच ऑर्डर दारातच अडते. पेट्या म्हणजे पूर्णांक, शून्याहून जास्त, आणि फोन दहा अंकी, एवढं एकदा लिहून ठेवायचं. तपासणीचं काम पायडँटिक ही त्याच्यासोबत येणारी लायब्ररी करते. 'दोन' आलं की ४२२ क्रमांकाचं, म्हणजे 'माहिती चुकीची आहे' असं, उत्तर जातं आणि कोणता रकाना चुकला तेही त्यात असतं. फोन नंबर आलाच नाही तरी तसंच. फ्लास्कमध्ये मी थेट डिक्शनरीतून नंबर उचलत होतो, तिथे तो नसला की ५००, म्हणजे सर्व्हरच अडल्याची चूक, येऊन सगळं गप्प. फ्लास्कलाही पायडँटिक जोडता येतं, पण ते आपण आठवणीने करायचं असतं, आणि ऐन हंगामात माणूस नेमकं तेच विसरतो.

दुसरी गोष्ट मला फार आवडली. पत्त्यापुढे '/docs' लिहिलं की एपीआयची सगळी माहिती एका पानावर तयार मिळते आणि तिथूनच खोटी ऑर्डर टाकून बघता येते. ॲप करणारा माझा भाचा पुण्यात असतो. त्याला मी फक्त तो पत्ता पाठवला.

वेगाच्या आकड्यांवरून मात्र ठरवू नका, पेट्यांच्या बुकिंगला दोन्ही भरपूर वेगवान आहेत. फास्टएपीआयमध्ये नवखा माणूस सगळीकडे फंक्शनआधी 'असिंक' (async, म्हणजे वाट बघताना मधे दुसरं काम करू देणारं) लिहितो आणि आत डेटाबेसची साधी, थांबवून धरणारी हाक मारतो; मग एका ऑर्डरीपायी बाकीच्या खोळंबतात. खात्री नसेल तर साधं 'डेफ' (def) लिहा, फास्टएपीआय ते वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे बाजूला स्वतंत्र, चालवतं. २०१८ साली आलेल्या या फ्रेमवर्कचा आवृत्तीचा आकडा अनेक वर्षं शून्यानेच सुरू होत आलाय, म्हणजे नव्या आवृत्तीत जुनं मोडू शकतं, तेव्हा जी आवृत्ती चालतेय ती फाइलमध्ये नोंदवून ठेवा आणि हंगामात अपडेट करू नका. होस्टिंग घेण्याआधी तिथे युव्हिकॉर्न, म्हणजे फास्टएपीआय चालवणारा सर्व्हर, चालतं का, हेही विचारा. काही स्वस्त ठिकाणी फक्त डब्ल्यूएसजीआय या पायथनच्या जुन्या पद्धतीची सोय असते, तिथे फ्लास्क सहज बसतं.

घरात फोनवरून तपासायचं असेल तर दोन्हींना होस्ट ०.०.०.० द्यावा लागतो, नाहीतर ते फक्त त्याच लॅपटॉपवर दिसतं. माझी अख्खी दुपार यात गेली होती.

तर ऑर्डरी घेणार असाल तर फास्टएपीआय, नुसतं दाखवणार असाल तर फ्लास्क. तिसरा पर्याय पायथनच्याच जँगो या फ्रेमवर्कचा. शिकायला तो जड आहे, पण त्याचं ॲडमिन पान तयार मिळतं आणि कोड न येणाऱ्या माणसालाही त्यावर नोंदी बघता, बदलता येतात. काकूला यंदा रवाना झालेल्या पेट्यांवर स्वतः खूण करायची आहे. तेवढ्या भागासाठी मी सध्या जँगोच बसवतोय.