'ड्यूटी' शोधली, जकात सापडली: ट्रोव्हवरची जुनी वर्तमानपत्रं

आयुष्यभर मुद्रितं तपासली, त्यामुळे चुकलेली ओळ दिसली की अजून हात शिवशिवतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'ट्रोव्ह' माझ्यासारख्यांसाठीच असावं. २००९ साली सुरू झालेल्या या संकेतस्थळावर जुनी वर्तमानपत्रं, बहुतेक १९५४पर्यंतची, पान न् पान पाहायला मिळतात. शेजारी यंत्राने वाचलेला मजकूर असतो. यंत्र अडखळलं असेल तिथे ओळ आपण सुधारायची. सगळं मोफत.

'कर्तव्य' हा जड शब्द पहिल्या महायुद्धात रोजच्या बातमीत कसा उतरला, एवढंच मला पाहायचं होतं. ऑस्ट्रेलिया त्यासाठी नामी, कारण परदेशी लढायला गेलेलं तिचं सगळं सैन्य स्वेच्छेने भरती झालेलं. सक्ती आणावी का, असं सरकारने २८ ऑक्टोबर १९१६ आणि २० डिसेंबर १९१७ला लोकांना विचारलं. दोन्ही वेळा लोक 'नाही' म्हणाले. कायदा 'जावंच लागेल' म्हणेना, तेव्हा 'जायला हवं' म्हणायचं काम छापील शब्दांच्या गळ्यात पडलं.

शोधाच्या चौकटीत 'ड्यूटी' टाकलं, साल १९१५. आलं काय, तर जकात आणि मुद्रांक शुल्क! आधी चिडलो. मग लक्षात आलं, शब्द एकच आहे. 'ड्यूटी'च्या पोटात 'ड्यू' म्हणजे देणं बसलंय, आणि 'करायला हवं' म्हणणारं इंग्रजी 'ऑट' (ought) हे तर 'ओ'चंच (owe), म्हणजे ऋणी असण्याचंच, जुनं भूतकाळी रूप. आपण 'समाजाचं देणं लागतो' म्हणतो, तोच हिशेब. १९१४च्या जुलैअखेर ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे विरोधी पक्षनेते अँड्र्यू फिशर यांनी ब्रिटनच्या पाठीशी उभं राहायचं वचन दिलं तेही शेवटच्या माणसापर्यंत, शेवटच्या शिलिंगपर्यंत. माणूस आणि नाणं एकाच वहीत.

अग्रलेख वाचू नका, नुसते नगारे. खरा माल गावाकडच्या छोट्या पत्रांत आहे. निरोप समारंभ झाला, पोराला मनगटी घड्याळ दिलं, कोण कोण बोललं. तिथे 'कर्तव्य' क्वचितच. तिथे पोरगा 'डूइंग हिज बिट' असतो. आपला खारीचा वाटा. फक्त आपल्या खारीला कुणी बोलवायला गेलं नव्हतं. 'एलिजिबल' हा शब्द मी आजवर उपवर मुलापुरताच ओळखत होतो. इथे त्याचा अर्थ धडधाकट, लढायच्या वयाचा आणि अजून घरीच! विशेषणातच ठपका. 'शर्कर'ला मात्र आपला 'अंगचोर' चपखल बसतो.

वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. प्रगत शोधात 'कस्टम्स' हा शब्द वगळा, निम्मी जकात गळते. आणि शब्द सापडला नाही म्हणून तो छापलाच नव्हता असं समजू नका. फिकट शाईपुढे यंत्राचंही काही चालत नाही, शब्दाची वेगवेगळी चुकीची रूपं टाकून पाहावी लागतात. मोबाइलवर हा उद्योग करू नये, पानं अवाढव्य आहेत. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण माझ्या डोळ्यांनी कापला.

मग 'फॅमिली नोटिसेस' या वर्गात शिरलो. तिथे मेलेल्या मुलांसाठी घरच्यांनी दिलेल्या ओळी आहेत. 'ड्यूटी नोबली डन' हे ठरलेले शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. त्या शब्दांत देणं फिटल्याची पावती आहे, पण काही घरं ती ओळ वर्षानुवर्षं, त्याच तारखेला छापत राहिलेली दिसतात. अशा एका ओळीत यंत्राने मुलाचं आडनाव चुकवलं होतं. मूळ पान मोठं करून अक्षर अक्षर लावलं, दुरुस्ती जतन केली, आणि पुढच्या वर्षीची तीच तारीख उघडली.